फोन म्हातारा झाला, की म्हातारा ठरवला?

गेल्या महिन्यात एका सकाळी सहाच्या आधीच आमच्या दाराची कडी वाजली. शेजारच्या खोलीतल्या ताई दारात उभ्या होत्या. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जातात. सहा वीसची लोकल चुकली तर अर्ध्या दिवसाचा खाडा पडतो. अशा वेळी त्या दारात थांबल्या म्हणजे कारणही तसेच असणार.

"काका, रात्री शंभर टक्के करून ठेवलेला फोन बघा. आता एकोणचाळीस! रात्रभर कुणी हातसुद्धा लावला नाही. आज पोरीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय, ओटीपी माझ्याच नंबरवर येणार. दुपारी हा बंद पडला तर मी काय करू?"

मी विचारले, "काल-परवा काही अपडेट टाकला होता का?"

"परवा रात्री आला होता. सारखं विचारत होता, म्हणून हो म्हटलं. कोपऱ्यावरचा मोबाईलवाला म्हणतो, आता गेला हा फोन. कंपनी जुन्या फोनवर मुद्दाम असले अपडेट सोडते म्हणे. नवीन घ्या, हप्ते करून देतो म्हणाला."

फोन अडीच वर्षांपूर्वी बारा हजारांना घेतलेला. त्याचे दहा हप्ते त्यांनी कसे फेडले ते मला ठाऊक आहे, कारण त्यातल्या एका हप्त्याच्या वेळी आमच्याच घरून उसने पैसे गेले होते. त्या दिवशी तोडगा साधा निघाला. फोन घरीच चार्जिंगला लावून मुलीने समोर बसायचे, आणि ताईंनी फोनाशिवाय कामावर जायचे. सव्वाअकराला ओटीपी आला आणि फॉर्म गेला. पण दिवसभर सुपरवायझरचा फोन लागला नाही म्हणून ताईंना बोलणी खावी लागली, ती वेगळीच.

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. पगार जमा झाल्याचा मेसेज, गॅसचा नंबर, बँकेचा ओटीपी, मुलांचे कॉलेज, भिशीचा हिशेब, सारे एकाच फोनात असते, आणि कितीतरी घरांत चार माणसांत असा एकच फोन असतो. तेव्हा मोबाईलवाल्याचे म्हणणे खरे किती आणि खोटे किती, हे जरा नीट पाहिलेच पाहिजे. बारा हजार रुपये ही आपल्या घरात लहान रक्कम नव्हे.

आधी अपडेटबद्दल. अपडेट म्हणजे फोन चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती किंवा नवी आवृत्ती. तो टाकून फोन पुन्हा सुरू झाला म्हणजे काम संपले, असे आपल्याला वाटते. खरे तर फोनचे काम तेव्हा सुरू होते. प्रत्येक ॲप नव्या आवृत्तीशी जुळवून पुन्हा तयार करायचे, गॅलरीतल्या हजारो फोटोंची नव्याने यादी करायची, शिवाय ॲपचे स्वतःचे अपडेट असतातच. हे सारे पडद्यामागे चालते. आपण झोपलेले असतो आणि फोन राबत असतो. त्यामुळे अपडेटनंतर एक-दोन दिवस, कधी तीन दिवस, फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. ती पुष्कळदा आपोआप ताळ्यावर येते. म्हणून अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी दुकानात धावू नये. तीन दिवस थांबावे. या तीन दिवसांत फोन एकदा बंद करून सुरू करावा, ॲपचे अपडेट पुरे होऊ द्यावेत आणि रात्री तो चार्जिंगवर असताना त्याला त्याचे काम करू द्यावे. उशीखाली किंवा गोधडीत मात्र ठेवू नये. गरम झालेल्या फोनला हवा लागली पाहिजे.

तीन दिवसांनंतरही तीच रड असेल, तर कारणे दोन. एक तर एखादे ॲप बिघडले आहे, नाही तर बॅटरीच थकली आहे. पहिले ओळखणे सोपे. सेटिंगमध्ये बॅटरीचे पान उघडले की कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले त्याची यादी दिसते. ताईंच्या फोनात चौथ्या दिवशी आम्ही पाहिले, तेव्हा एका व्हिडिओच्या ॲपने एकट्याने तिसरा हिस्सा खाल्ला होता. ते ॲप धाकट्या मुलाचे. "मी तर बघतच नव्हतो," तो म्हणाला, आणि या वेळी तो खरे बोलत होता. न उघडताही ते मागे चालूच होते. ते काढून पुन्हा टाकले आणि मागे चालण्याची परवानगी बंद केली, तर बराच फरक पडला.

एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे कमजोर नेटवर्क. टॉवर लांब असला किंवा गर्दीने भरलेला असला, की फोन जास्त ताकद लावून सिग्नल शोधत राहतो. दीक्षाभूमीला जाताना गाडीत कुणाचाही फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही याची तक्रार दरवर्षी होते, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला दिला जातो. रेंज नसेल अशा लांबच्या प्रवासात फोन एरोप्लेन मोडवर ठेवला आणि मधूनमधून उघडून मेसेज पाहिले, तर तोच फोन मुक्कामापर्यंत पुरतो.

आता थकलेल्या बॅटरीबद्दल. आपल्या फोनात असते ती लिथियम-आयन बॅटरी. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळाले. मोठी करामतीची वस्तू, पण तिचे आयुष्य मोजलेले. शंभर टक्के खर्च झाली की एक फेरा धरतात. आज पन्नास आणि उद्या पन्नास वापरले, तरी मिळून फेरा एकच. ॲपल कंपनी आपल्या आयफोन १४ पर्यंतच्या फोनांबाबत सांगते की ५०० फेऱ्यांनंतर बॅटरीची ताकद मूळच्या ८० टक्के राहावी अशी तिची रचना आहे. आयफोन १५ पासून हाच आकडा १००० फेऱ्यांचा आहे. रोज एक फेरा धरला तर ५०० फेरे दीड वर्षाच्या आतच होतात. म्हणजे खोक्यावर पाच हजार एमएएच लिहिलेले असले, तरी ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी चार हजारांचीच उरते. हे अपडेट आला नसता तरी घडलेच असते. पण अपडेटमुळे दोन दिवस ताण पडतो आणि झाकलेली म्हातारपणाची खूण उघडी पडते, एवढेच.

उष्णता ही या बॅटरीची वैरीण. साधारण पस्तीस अंशांपलीकडच्या हवेत ती कायमची झिजते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होते ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. फोन उन्हात, रिक्षाच्या समोरच्या काचेपाशी, गॅसच्या ओट्यावर ठेवू नये. आणि एक जुना समज सोडून द्यावा. बॅटरी पूर्ण शून्यावर आणूनच चार्ज करावी असे पूर्वी सांगत. ती गोष्ट जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची. आजच्या बॅटरीला शून्यही सोसत नाही आणि तासन् तास शंभरवर राहणेही मानवत नाही. वीस ते ऐंशीच्या दरम्यान राहिली तर जास्त जगते. आता शिफ्टमध्ये राबणाऱ्या माणसाला हे रोज कसे जमणार? जमेल तितके करावे.

तर मग मोबाईलवाला खोटे बोलत होता का? इथेच गोष्ट रंगते. कारण "कंपनी मुद्दाम करते" या बोलण्याला एक खरा इतिहास आहे, आणि तो कोर्टकचेऱ्यांत नोंदलेला आहे.

२०१६ च्या सुमारास आयफोन ६ एस आणि त्याच्या जवळपासच्या फोनांबद्दल तक्रारी येऊ लागल्या. फोनवर तीस-चाळीस टक्के बॅटरी दिसत असतानाच तो एकाएकी बंद पडे. हे का होते, ते चाळीच्या टाकीवरून समजून घेऊ. गच्चीवरची टाकी अर्धी भरलेली आहे, पण पाईप आतून गंजून अरुंद झालेला. एक नळ उघडला तर पाणी येते. चार नळ एकदम उघडले की धार तुटते. जुन्या बॅटरीचे तसेच होते. वीज आत असते, पण फोनने एकाएकी जास्त मागितली, म्हणजे कॅमेरा उघडला किंवा गेम लावला, की तिचा दाब खाली येतो, आणि नाजूक भाग जपण्यासाठी फोन स्वतःला बंद करून घेतो.

यावर ॲपलने २०१७ च्या जानेवारीत एका अपडेटमधून उपाय आणला. बॅटरी थकलेली असेल तर फोनचा वेग कमी करायचा, म्हणजे चार नळ एकदम उघडलेच जाणार नाहीत. तांत्रिकदृष्ट्या उपाय वाईट नव्हता. फोन बंद पडण्यापेक्षा हळू चाललेला बरा. पण "तुमची बॅटरी थकली आहे, म्हणून आम्ही वेग कमी केला आहे, बॅटरी बदलली तर फोन पूर्ववत होईल," हे वाक्य गिऱ्हाइकाला स्पष्टपणे कुणी सांगितले नाही. लोकांना वाटले, फोनच जुना झाला. कित्येकांनी पुरता चांगला फोन बाजूला ठेवून नवा घेतला.

ही गोष्ट बाहेर कशी आली? २०१७ च्या डिसेंबरात एका गिऱ्हाइकाने जुन्या फोनात नवी बॅटरी बसवली, तर फोन एकदम पळू लागला. त्याने ते जाहीर सांगितले. मग फोनांचा वेग मोजणाऱ्या प्रायमेट लॅब्स या संस्थेच्या जॉन पूल यांनी हजारो फोनांचे आकडे मांडून दाखवले, की अमुक अपडेटनंतरच जुन्या फोनांचा वेग असा पायरीपायरीने पडलेला दिसतो. २० डिसेंबरला कंपनीने कबुली दिली, २८ डिसेंबरला जाहीर माफी मागितली, आणि अमेरिकेत ७९ डॉलरला मिळणारी बॅटरीची बदली २०१८ सालासाठी २९ डॉलरवर आणली. पुढे २०१८ च्या मार्चमधील अपडेटने बॅटरीची तब्येत किती टक्के आहे ते फोनातच दिसू लागले. आज आयफोनवाल्यांना जे बॅटरी हेल्थचे पान दिसते, ते या भांडणातून आले आहे.

पुढचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. २०१९ च्या जानेवारीत ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून कमाई अपेक्षेपेक्षा कमी होणार असे कळवले. त्यात चीनमधील मंदीसारखी मोठी कारणे होतीच, पण नवे आयफोन कमी घेतले जाण्याच्या कारणांत त्यांनी हेही लिहिले, की काही गिऱ्हाइकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली. म्हणजे बॅटरी बदलली तर माणसाला नव्या फोनाची गरज पडत नाही, हे खुद्द विकणाऱ्याने लिहून दिले. नव्या फोनाचे हप्ते सुरू करण्याआधी हे पत्र आठवावे.

दंडही झाले. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१८ च्या ऑक्टोबरात ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. सॅमसंगचा दोष असा, की गॅलेक्सी नोट ४ या जुन्या फोनाला न झेपणारी अँड्रॉइडची नवी आवृत्ती टाकून घ्यायला गिऱ्हाइकांना सतत भरीस घातले गेले. फ्रान्सने २०२० च्या फेब्रुवारीत ॲपलला अडीच कोटी युरो दंड केला, तोही मुख्यतः माहिती न दिल्याबद्दल. त्याच वर्षी अमेरिकेत ॲपलने गिऱ्हाइकांच्या सामुदायिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत आणि तीसहून अधिक राज्यांना मिळून ११ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. सामुदायिक दाव्यातले पैसे दावेदारांच्या हाती पडायला २०२४ चा जानेवारी उजाडला. एका फोनामागे सुमारे ९२ डॉलर. सात वर्षांनी का होईना, मिळाले.

गोष्ट तिथे संपली असेही नाही. गूगलचा पिक्सेल ४ ए हा २०२० चा फोन. त्याच्या अपडेटची मुदत २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपली होती. तरी २०२५ च्या जानेवारीत त्यावर एक अपडेट आपोआप उतरला, आणि काही फोनांची बॅटरी पूर्वीच्या मानाने फारच कमी टिकू लागली. या वेळी कंपनीने आधीच सांगितले होते की बॅटरीसाठी हा बदल आहे. बाधित फोनवाल्यांना फुकट बॅटरी, रोख ५० डॉलर, किंवा नव्या फोनावर १०० डॉलरची सूट असे पर्यायही ठेवले. नंतर ऑस्ट्रेलियात निघालेल्या सूचनेत खरे कारण दिसले. ती बॅटरी तापून आग लागण्याचा धोका होता, म्हणून तिच्यावर अंकुश घातला गेला. आता बोला! अपडेटने बॅटरी खाल्ली हेही खरे, आणि त्याने घर वाचले असेल हेही खरे.

म्हणून माझे मत असे, की मोबाईलवाला पाव हिस्सा खरे बोलला. कंपन्यांनी लपवाछपवी केली आहे. पण बॅटरी झिजणे हा रसायनाचा गुण आहे, आणि त्यावर नवी बॅटरी हा उपाय आहे. नवा फोन हा त्या मोबाईलवाल्याच्या कमिशनवरचा उपाय आहे.

आता दुसरा अर्धा प्रश्न. फोनाला अपडेट किती वर्षे मिळणार? ताई म्हणाल्या, "अपडेटच नको मग. हो म्हणायचंच नाही." असे करू नये. अपडेट दोन प्रकारचे असतात. एक मोठा, ज्यात अँड्रॉइडची आवृत्तीच बदलते. दुसरा छोटा, सुरक्षेचा. चोरांना सापडलेली भोके बुजवणारा. ज्या फोनात यूपीआय आहे, बँक आहे, त्याला छोटा अपडेट मिळालाच पाहिजे. जुन्या फोनावर मोठा अपडेट आला, तर मी स्वतः महिनाभर थांबतो, ओळखीतल्या तसल्याच फोनवाल्याला विचारतो, आणि मग टाकतो. छोट्याला मात्र थांबवत नाही. शिवाय दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल, तर मोठा अपडेट एका दमात सगळा नेट गिळतो. कुणाकडे वायफाय असेल तिथे टाकलेला बरा.

ताईंच्या फोनात सेटिंगमध्ये "फोनबद्दल" या पानावर अँड्रॉइडचा सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेचा ते पाहिले. मग कंपनीच्या माहितीत त्या मॉडेलची मुदत शोधली. सुरक्षेचे अपडेट चार वर्षे. ताई खूश झाल्या. "म्हणजे अजून दीड वर्ष आहे!" त्यांची मुलगी हुशार. ती म्हणाली, "आई, चार वर्षं आपण घेतल्यापासून नाहीत. फोन बाजारात आल्यापासून." मॉडेल बाजारात येऊन वर्ष झाल्यावर, किंमत उतरली म्हणून, यांनी घेतले होते. साडेतीन वर्षे सरली होती, आणि हाती उरले सहा महिने.

ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. सेलमध्ये स्वस्त मिळणारा फोन पुष्कळदा म्हणूनच स्वस्त असतो, की त्याचे अर्धे आयुष्य कपाटात गेलेले असते. गेल्या काही वर्षांत मुदती वाढल्या आहेत हे खरे. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले. ॲपलचा २०१३ मधला आयफोन ५ एस तर २०२३ च्या जानेवारीतही सुरक्षेचा अपडेट मिळवत होता. पण हे महागाचे फोन. आपल्या ऐपतीच्या फोनांत पुष्कळदा दोन-तीन-चार वर्षांवर बोळवण असते. अपवाद निघू लागले आहेत. २०२४ च्या अखेरीस आलेल्या सॅमसंगच्या ए १६ या वीस हजारांच्या आतल्या ५ जी फोनाला सहा वर्षांचे वचन आहे. हिशेब करून पाहा. बारा हजारांचा फोन दोन वर्षांत टाकला, तर महिन्याला पाचशे रुपये पडले. त्याच फोनात बाराशेची बॅटरी बसवून तो चार वर्षे वापरला, तर महिन्याला पावणेतीनशे. एकोणीस हजारांचा फोन, मध्ये एकदा पंधराशेची बॅटरी, आणि सहा वर्षे वापर, म्हणजे महिन्याला दोनशे पंच्याऐंशी. महाग आणि स्वस्त हे किमतीच्या चिठ्ठीवर कळत नाही, ते असे.

युरोपात हे वचन आता कंपनीच्या मर्जीवर राहिलेले नाही. २० जून २०२५ पासून तिथे नियम लागू झाला. मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून पुढे किमान पाच वर्षे अपडेट, सात वर्षे सुटे भाग, आणि ८०० फेऱ्यांनंतरही बॅटरीत ८० टक्के ताकद. घड्याळ कुठून सुरू होते ते पाहा. विक्री संपल्यापासून! ताईंसारख्या उशिरा घेणाऱ्या गिऱ्हाइकाचे नुकसान त्यात होत नाही. आपल्याकडे युरोपासारखे बंधन नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचे राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केले. त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती मिळते. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण विकतानाच दाखवावेत, यासाठी नेमलेल्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात अहवाल दिला आहे.

पण हातावर हात धरून बसायचेही कारण नाही. वॉरंटीतल्या फोनाची बॅटरी अपडेटनंतर बिघडली आणि कंपनी टोलवाटोलवी करू लागली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि ती फुकट असते. तिथे भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी नाही, वकील लागतोच असेही नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. यासाठी एक सवय लावून घ्यावी. फोन घेताना पक्के बिल घ्यायचे. "बिल घेतलं तर पाचशे जास्त" असे म्हणणाऱ्या दुकानातून फोनच घेऊ नये. सेकंडहँड घेत असाल, तर *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर, केवायएम लिहून एक जागा सोडून, १४४२२ वर एसएमएस करून तपासावा. चोरीचा फोन गळ्यात पडायला नको.

ताईंचे काय झाले ते सांगतो. व्हिडिओचे ॲप आवरल्यावर फोन संध्याकाळपर्यंत टिकू लागला, पण बावीस टक्क्यांवर दोनदा पटकन बंद पडला. पाईप गंजल्याची खूण. कोपऱ्यावरच्या दुकानात सहाशेत बॅटरी बदलून मिळत होती. "ओरिजिनलच आहे" म्हणाला, पण बिल देईना. तिथून परत आणले. रविवारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. अकराशे पन्नास रुपये, पक्के बिल, बॅटरीवर वॉरंटी, दोन तासांत काम. जाण्याआधी मुलीने फोटो आणि नंबर यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवली होती, ते बरे केले. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न तोच विचारला. जुनी बॅटरी बाहेर काढली तेव्हा मधोमध किंचित फुगलेली दिसली. फोनाची मागची बाजू थोडी उचललेली आहे असे ताई दोन महिन्यांपासून म्हणत होत्या, आणि आम्ही सारे ते कव्हरचे दुखणे समजत होतो. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. तसा फोन बंद करून ताबडतोब सर्व्हिस सेंटरला न्यावा. आणि अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ती त्यांनीच ठेवून घेतली.

परतताना बसमध्ये ताईंनी विचारले, "काका, सहा महिन्यांनी अपडेट बंद झाले की मग?"

मी म्हटले, तेव्हा फोन बोलायला, मेसेजला, बातम्यांना चालेल. फार जुनी अँड्रॉइड आवृत्ती झाली की व्हॉट्सॲपही सोडून देते, पण तुमच्या फोनाला त्याला अवकाश आहे. बँकेच्या पगाराच्या खात्याचे यूपीआय मात्र त्यावर ठेवू नका. एक वेगळे खाते, त्यात आठवड्याच्या खर्चापुरते हजार-दोन हजार, तेवढेच त्या फोनाला जोडा. तोवर महिन्याला पाचशे बाजूला टाकत राहा, म्हणजे पुढचा फोन हप्त्याशिवाय घेता येईल.

"पाचशे नाही जमणार. तीनशे," ताई म्हणाल्या.

मुलीने घरी येऊन जुन्या फोनाच्या खोक्यावर बॉलपेनने दोन तारखा लिहिल्या आहेत. एक बॅटरी बदलल्याची, दुसरी सुरक्षेचे अपडेट संपण्याची. खोके त्यांच्या फळीवर, रेशनकार्डाच्या पिशवीशेजारी असते. परवा समोरच्या खोलीतले दादा आपल्या फोनाचे खोके घेऊन तिच्याकडे आले होते, त्यावर काय लिहायचे ते विचारायला.